शिळं पाणी

आमच्या बसला इंजिन नाही. जिथं इंजिन असायचं तिथं पाण्याची टाकी आहे. एके काळी ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचो. आता कुणी विचारलं तरच सांगतो.

तीस वर्षं मी एका तंत्रशाळेत नळकाम शिकवलं. पाइप कापणं, आटे पाडणं, जोड मारणं आणि गळती शोधणं. गळती शोधण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, असं मी म्हणायचो आणि मुलं माना डोलवायची, कारण मार्क माझ्या हातात होते. निवृत्त झालो तेव्हा वारूळवाडीला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधाला, चिंचेखाली, जागा मिळाली आणि एका शाळेनं भंगारात काढलेली बस मिळाली. तिचं घर करायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला घराची हौस नव्हतीच. मला मनासारखी पाण्याची व्यवस्था बांधायची होती, आणि तिच्याभोवती घर असलं तर माझी हरकत नव्हती. बायको म्हणाली, "लोक देवासाठी देऊळ बांधतात, तुम्ही नळासाठी घर बांधा." तिचं अगदीच चूक नव्हतं.

बाकं काढली, पत्र्याला आतून प्लाय मारला, चाकांखाली विटा लावल्या. टाकी पाचशे लिटरची घेतली. ती कुठंच बसेना, म्हणून इंजिन काढून विकलं. बस कुठं जाणार नव्हतीच. टाकीतून पंप, पंपातून गाळणी, गाळणीतून दोन फाटे, एक ओट्याकडं आणि एक मोरीकडं. ओट्याशेजारी एक पारदर्शक नळी उभी केली, टाकीत पाणी किती आहे ते तिच्यात दिसायचं. आणि सगळ्यांत खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, टाकी धुवायच्या वेळी रिकामी करण्यासाठी एक पितळी कॉक. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीचं. विहिरीत सोडलेल्या मोटारीला वीज यायची संध्याकाळी, म्हणून टाकी भरायची तीही संध्याकाळी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अडलं.

आई तिकडं तळेघरच्या बाजूला एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढं, पण भाताची आणि नाचणीची खाचरं अजून तीच बघायची. मी महिन्यातून एकदा जायचो, आणि गाडी चुकली की पाय तुडवत जायचो. एका सकाळी ती अंगणातल्या शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण हातात काठी आली. शिवाय लघवीला जळजळ, ताप, आणि कमरेत कळ. मी तिला घेऊन आलो. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजींना औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर पोटात गेलंच पाहिजे. हा संसर्ग आता परत वर चढला तर त्यांची मूत्रपिंडं ते सोसणार नाहीत."

मी हसलो. म्हटलं, "डॉक्टर, पाण्याची काळजी तुम्ही करू नका."

आईनं बसला एक फेरी मारली आणि विचारलं, "घराला चाकं कशाला रं? घर काय पळून जायाचंय?" मग पायरी चढून आत आली, खिडकीजवळची जागा पसंत केली आणि गाठोडं ठेवलं. बायको तेव्हा पुण्याला मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली होती. बाळ अशक्त निघालं, त्यामुळे तिचा मुक्काम लांबत गेला. म्हणजे बसमध्ये आई आणि मी, दोघंच. तिला इथं करमावं म्हणून मी बाजारातून अळूची वाढलेली रोपं आणून दिली. तिनं ती बसच्या पुढच्या अंगाला, आपल्या खिडकीखाली लावली.

चौथ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला नळ सोडला, तर पंप नुसताच घरघरला. ओट्याशेजारच्या नळीत बघितलं तर नळी कोरडी. रात्री झोपताना टाकी गच्च भरलेली मी स्वतः पाहिली होती. पाचशे लिटर पाणी एका रात्रीत गेलं कुठं?

गळती. दुसरं काय असणार? मला तर आनंदच झाला. निवृत्तीनंतर हातांना काम मिळालं. त्या दिवशी पंपाचे दोन्ही जोड उघडले, नवी टेप गुंडाळून परत बसवले. संध्याकाळी टाकी भरली. सकाळी नळी कोरडी. दुसऱ्या दिवशी गाळणी बदलली. सकाळी नळी कोरडी. तिसऱ्या दिवशी प्लाय उचकटून आतला पाइप हातभर हातभर तपासला, एक चांगला-भला जोड केवळ संशयावरून कापून टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी. सकाळी नळी कोरडी ती कोरडीच. दिवसभर शेतकऱ्याच्या घरून बादल्या आणायच्या आणि संध्याकाळी टाकी भरायची, असं सुरू झालं. शेतकरी रोज यायचा, कमरेवर हात ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "सर, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार?" त्याला हाकलून लावावं असं वाटायचं, पण जागा त्याची होती.

शेवटी मुलांना शिकवायचो ती युक्ती काढली. टाकीत जांभळं औषध टाकायचं, विहिरीत टाकतात ते. पाणी रंगतं आणि जिथून झिरपत असेल तिथं डाग पडतो. पिण्याचं पाणी वेगळं काढून ठेवलं आणि संध्याकाळी टाकीत चांगलं मूठभर औषध सोडलं. सकाळी टाकी रिकामी, आणि आत एकाही जोडावर डाग नाही. खालच्या कॉकपाशी ओल होती, पण कॉक घट्ट बंद होता, थेंबही गळत नव्हता. आणि तिथंच तर आईचं अळू होतं. अळूखाली ओल असणारच. आणि औषधाचा रंग मातीत लगेच तपकिरी होतो, चिखलात तो दिसलाच नाही. अळू मात्र असं माजलं होतं की पानं सुपाएवढी झाली होती. आईनं त्याचं फतफतं केलं, मी दोनदा मागून घेतलं आणि जेवता जेवता म्हणालो, "आई, तुझ्या हाताला गुण आहे."

या सगळ्या दिवसांत मी आईला एकदाही विचारलं नाही. नळाच्या बाबतीत आईला काय विचारायचं?

मग एके दिवशी पहाटेच उठलो आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. ती सीट तेवढी मी काढली नव्हती. तिथून टाकी हाताच्या अंतरावर. म्हटलं, आता कुठून आवाज येतो ते ऐकायचंच. बाहेर फटफटायला लागलं होतं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आई माझ्याजवळून गेली, दार लोटून पायऱ्या उतरली आणि बसच्या पुढं आली. काठी चाकाला टेकवली, एका हातानं बंपर धरून खाली बसली आणि कॉक उघडला. पाणी धो धो पडायला लागलं. धार बारीक होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली. मग पदरानं कॉक पुसला आणि बंद केला. तो पुसतानाचा तिचा चेहरा देवाची भांडी घासताना असायचा तसा होता.

मी खाली उतरलो. "आई, काय करतेस?"

"शिळं पाणी काडून टाकती. दुसरं काय?"

"रोज?"

"मंग? रोज न्हाई तर काय सणासुदीला?"

"अगं, पाचशे लिटर पाणी आहे ते! वाया घालवलंस सगळं?"

"वाया कुटं गेलं? आळूला गेलं, चिचंला गेलं."

आमच्या डोंगरातल्या घरात हे असंच होतं, आणि मी ते विसरलो होतो असंही नाही. मला ते आठवायची गरजच कधी पडली नव्हती. घराखालच्या ओढ्यात एक झिरा होता, खडकात हातभर खोल खड्डा, त्यात पाणी झिरपून साठायचं. सकाळी उठल्यावर आई आधी हंड्या-कळशीतलं कालचं पाणी म्हशीला पाजायची, उरलेलं वेलांच्या बुडाशी ओतायची, भांडी राखेनं घासायची आणि मग झिऱ्यावर जायची. उन्हाळ्यात एक कळशी वाटीवाटीनं भरायला घटकाभर लागायची, तरी तेच. आमच्याकडं शिळी भाकरी चालायची, शिळी आमटी चालायची, शिळं पाणी चालायचं नाही. आल्यागेल्याला शिळं पाणी दिलं तर ती घरची बाई कशी आहे ते गावाला कळायचं.

पण मी शिक्षक. मी तिला तिथंच, चिखलात उभं राहून, धडा दिला. टाकी कशी चांगल्या प्लास्टिकची आहे, झाकण कसं घट्ट आहे, गाळणीत काय काय अडतं, बंद टाकीतलं पाणी दहा दिवससुद्धा कसं बिघडत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई कसं बिघडत?" ती म्हणाली. "मागल्या खेपंला जांभळं व्हऊन पडलं व्हतं. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

"ते औषध मी टाकलं होतं!"

"का?"

"पाणी कुठं जातंय ते शोधायला."

"आरं, मंग मला इचारायचं. तू रोज खोलतोस आन जोडतोस, मला वाटलं तुजं कामच हाय ते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सूनबाई हितं न्हाई. तिच्या माघारी तिच्या घरात शिळं पाणी कोन पितंय, ह्ये बघायचं कुनी? मीच न्हवं?"

म्हणजे ती माझं घर सांभाळत होती. दुखऱ्या कमरेनं, काठी टेकत, पहाटे उठून. हे मला आज लिहिताना कळतं. तेव्हा फक्त राग आला होता, आणि तो पाण्याचाही नव्हता. तीस वर्षं गळती शोधणाऱ्या माणसाला आठ दिवस त्याच्या आईनं वेड्यात काढलं, याचा होता. मी म्हणालो, "इथं माझी व्यवस्था आहे. इथं माझ्या पद्धतीनं चालेल." वर पहाटे बाहेर पडू नकोस म्हणून बिबट्याचं निमित्त पुढं केलं. निमित्त खोटं नव्हतं, उसाच्या फडातून बिबट्या त्या महिन्यात दोनदा दिसला होता, पण ते निमित्तच होतं. त्याच दिवशी कॉकच्या तोंडाला लोखंडी बूच बसवलं, टेप गुंडाळून, पाना लावून, अंगातलं सगळं बळ काढून आवळलं. तिच्या हाताला ते उघडणं शक्य नव्हतं. मला तेच पाहिजे होतं.

टाकी भरलेली राहिली. सकाळी उठून नळी बघायची आणि समाधानानं चहा टाकायचा, असे माझे चांगले आठ दिवस गेले. आईच्या उशाशी मी तांब्या भरून ठेवायचो, तासाभरानं बघावं तर रिकामा. परत भरायचो, परत रिकामा. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं की आजी भरपूर पाणी पितात.

गळती बंद झाली, पण अळू काही वाळेना. हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले. फाल्गुन संपत आला होता, आजूबाजूचं गवत पिवळं पडलं होतं, आणि खिडकीखालचं अळू तसंच हिरवंगार. मग एका दुपारी बाहेरून बघितलं. खिडकीतून आईचा हात आला आणि तांब्या उलटा झाला.

मी आत गेलो. तिच्या ओठांना भेगा पडलेल्या मला तेव्हा दिसल्या. त्या त्याच दिवशी पडल्या नसणार.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी ते बूच काढा."

"आणि रोज पाचशे लिटर सोडून द्यायचं?"

"मग रोज सकाळी एक कळशी ताजी आणा. एका म्हातारीला प्यायला किती लागतं? एवढंसं तर काम आहे."

एवढंसं काम एवढंसं म्हणून केलं असतं तर मी मी नव्हतो. मला व्यवस्था पाहिजे होती. पहाटे आपोआप विहिरीतून ताजं पाणी येईल, वीस लिटरच्या स्टीलच्या टाकीत पडेल, आणि आईच्या उशाशी वेगळा नळ. बॅटरीवर चालणारा लहान पंप आणला, विहिरीच्या कडेला बसवला, नळी आत सोडली. विहीर चाळीस फूट खोल, तळाला पाणी. वर ठेवलेला पंप एवढ्या खोलातून पाणी ओढू शकत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो. तरी लावून बघितला. मग खाली सोडता येईल असा दुसरा आणला, तोही तसाच बॅटरीवरचा. त्यानं अर्ध्यापर्यंत पाणी चढवलं आणि तिसऱ्या दिवशी जळाला. आई खिडकीतून बघत होती.

"ही गाडीच हाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग चालव की तळेघरला. झिऱ्याशी नेऊन लाव. मी माजं पाणी भरीन, तुला तरास न्हाई."

"इंजिन काढलंय, आई."

"का रं?"

"टाकी बसावी म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. मीही हसलो. बसमध्ये आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी शेतकऱ्याकडून दोर आणि पोहरा मागून आणला. पहाटे उठून विहिरीवर गेलो, कळशी घासली, पाणी काढलं आणि खांद्यावरून आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं कळशीत वाकून बघितलं, तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या सगळा प्याली. मग दुसरा. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यावर आलं. मी ते बघत होतो आणि मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी मनात असंही येत होतं की पाचशे लिटरची टाकी, पंप, गाळणी, तीस वर्षांचं सगळं शिक्षण एका कळशीपुढं हरलं. लाज वाटावी असा विचार होता, पण आला खरा.

त्या दिवसांत आईचा रंग सुधारला. जळजळ थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चालू द्या."

असंच चालू द्यायचं होतं. तेवढंच करायचं होतं. एका सकाळी माझा गुडघा धरला होता, रात्री झोप नीट झाली नव्हती, आणि पोहरा, दोर, बांधावरची वाट, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी मोरीत गेलो, आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडला आणि कळशी टाकीच्या पाण्यानं भरली. थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. मग खांद्यावरून आणल्यासारखी आत आणली आणि धापही टाकली.

तिनं तांब्या बुडवला. एक घोट घेतला. तोंडात तसाच धरून बसली आणि मग गिळला. तांब्या खाली ठेवला. प्लास्टिकच्या टाकीतल्या पाण्याला चव असते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

"दमला आसशील," ती म्हणाली. "उद्यापासनं नको आणू. ऱ्हाऊ दे."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. आणि मला, खरं तेच लिहितो, क्षणभर बरं वाटलं. उद्या विहिरीवर जायचं नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

दुपारपर्यंत मी भानावर आलो. दुसऱ्या दिवसापासून परत विहिरीवर जायला लागलो, एकही दिवस चुकवला नाही. कळशी तिच्यासमोर ठेवायचो. ती तांब्या उचलायची, ओठ ओले करायची, ठेवून द्यायची.

"आई, विहिरीचंच आहे. तुझी शपथ."

"आसंल की," ती म्हणायची.

पाना लावून आवळता येईल असं त्या 'आसंल की'त काही नव्हतं. म्हटलं, चल, मी धरतो, विहिरीपर्यंत ये आणि डोळ्यांनी बघ. पण आता तिला पायऱ्याही उतरवेनात. शेतकऱ्याला साक्षीला आणलं, तो म्हणाला, "आजी, सर रोज येत्यात पाणी न्यायला, म्या बघतो." ती त्यालाही म्हणाली, "आसंल की, भाऊ." ती मुद्दाम करत नव्हती. मला शिक्षा द्यावी असं तिच्या मनातही नव्हतं, तेवढं मी तिला ओळखतो. तिच्या घशाखाली ते उतरतच नव्हतं. ताक घ्यायची थोडं, कारण ताक रोजचं असतं. कलिंगडाची फोड चघळायची. चहा अर्धा कप. वैशाखात बसचा पत्रा तापायचा, मी वर गोणपाटं टाकून त्यांवर पाणी मारायचो. टाकीत पाणी भरपूर होतं. पत्र्यावर मारायला, मोरीत ओतायला, पाहिजे तेवढं.

कॉकचं बूचही मी काढलं. सकाळी तिच्या देखत कॉक उघडून टाकी रिकामी केली. ती खिडकीतून म्हणाली, "कशाला सोडतोस आता? लोकाची ईज वापरून भरल्यालं पाणी." काही केलं तरी उशीरच झालेला होता.

मग ताप चढला, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, आणि शेतकऱ्याच्या जीपमधून तिला नारायणगावला दवाखान्यात नेलं. त्या दवाखान्यातून आई परत आली नाही. हे इथंच सांगून टाकतो, वाचणाऱ्याला उगाच आशा नको. संसर्ग वर चढला होता. डॉक्टरीणबाईंनी मला दोष दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पाणी पीत होत्या ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थोडी शुद्धीवर होती. हाताला सलाइन लावलेलं. ती बराच वेळ वरच्या बाटलीकडं बघत होती, तिथून नळी कुठं येते ते डोळ्यांनी शोधत खाली आपल्या मनगटापर्यंत आली.

"ह्ये पाणीच हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"पाणीच आहे. थोडं मीठ घातलेलं."

"कवाचं?"

छापलेलं सगळं वाचायची मला सवय. बाटली लावली तेव्हाच मी तिच्यावरची तारीख वाचली होती. पाणी भरून वर्ष उलटून गेलं होतं. मी उठून बाटलीच्या आणि तिच्या मधे उभा राहिलो. तिला वाचता येत नव्हतं, तरी उभा राहिलो.

"आजचं आहे, आई," मी म्हणालो. "सकाळीच भरून आणलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता 'आसंल की' म्हणणार. तिनं सुई नसलेला हात पुढं केला, माझा हात ओढून घेतला आणि तळवा उलटा करून त्यावरून अंगठा फिरवला. पोहऱ्याचा दोर ओढून ओढून बोटांच्या बुडाशी घट्टे पडले होते. मीसुद्धा ते नीट बघितले नव्हते. तिनं एकेक चाचपला.

"ह्ये दोराचं हायेत," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजी तूच शेंदलंस."

बाटलीतून थेंब पडत होते. मी हो म्हणालो.